सीपॅप सुरू करूनही दिवसभर थकवा का जाणवतो?

वैनगंगा यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ५४ आहे. मी नागपूरला राहतो आणि नोकरीसाठी रोज स्वतः मोटार चालवत वर्ध्याला जातो. पत्नीच्या आग्रहावरून स्लीप स्टडी केली, तेव्हा झोपेत तासाला ३८ वेळा श्वास अडखळतो, म्हणजे तीव्र स्वरूपाचा स्लीप ॲप्निया आहे, असे निदान झाले. साधारण दीड महिन्यापासून ऑटो सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे आणि तो दाब गरजेनुसार स्वतः बदलणारे मशीन, वापरत आहे. घोरणे थांबले, रात्री लघवीसाठी उठावे लागणे जवळजवळ बंद झाले आणि मशीनच्या ॲपवर एएचआयचा, म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास अडखळतो त्याचा, आकडा ३ च्या आसपास दिसतो.

पहिले काही दिवस फार ताजेतवाने वाटले, पण नंतर थकवा पुन्हा आला आणि आता दुपारी तीननंतर फाइल समोर असूनही डोळे मिटू लागतात. रात्री साडेदहाला मास्क लावून झोपतो, तीनच्या सुमारास घसा आणि तोंड कोरडे पडून जाग येते, तेव्हा मास्क काढतो आणि सहापर्यंत तसाच झोपतो. चार तासांहून अधिक वापर होत असल्यामुळे उपचार उत्तम चालला आहे, असे मशीन बसवून देणाऱ्या तंत्रज्ञांनी सांगितले. मधुमेहासाठी काही वर्षांपासून मेटफॉर्मिन चालू आहे आणि नाक चोंदते म्हणून रात्री सेटिरिझिन घेतो. आकडे इतके चांगले असताना हा थकवा कशाचा असावा? मला हा उपचार सोडायचा नाही, म्हणूनच मनापासून विचारत आहे.

पहाटवारा यांचे उत्तर

मी पुण्यात राहतो आणि बरीच वर्षे सीपॅप वापरतो. तुमच्या लिखाणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहाटे तीन ते सहा या वेळात दडलेली आहे, असे मला वाटते.

ॲपवर दिसणारा ३ हा आकडा केवळ मास्क चेहऱ्यावर असतानाचा आहे. मास्क काढल्यानंतर तुमचा श्वास किती वेळा थांबतो, याची नोंद मशीनकडे असूच शकत नाही. आता संपूर्ण रात्रीचा हिशेब मांडून पाहा. साडेचार तास तासाला ३ या दराने आणि उरलेले तीन तास पूर्वीच्याच ३८ या दराने धरले, तर साडेसात तासांची सरासरी तासाला १७ येते. १५ ते ३० हा मध्यम स्वरूपाच्या स्लीप ॲप्नियाचा टप्पा मानला जातो. म्हणजे तुमचा आजार तीव्रवरून मध्यमवर आला आहे, पण अद्याप आटोक्यात आलेला नाही.

प्रत्यक्षात स्थिती याहून थोडी वाईट असण्याचा संभव आहे, कारण स्वप्नांची झोप, म्हणजे रेम झोप, रात्रीच्या शेवटच्या तृतीयांशात सर्वांत जास्त असते. त्या वेळी घशाचे स्नायू अधिक सैलावतात, त्यामुळे पुष्कळ रुग्णांचे श्वासरोध त्याच काळात वाढतात, अधिक लांबतात आणि रक्तातील ऑक्सिजनही तेव्हाच जास्त खाली जातो. नेमक्या त्याच तासांना तुम्ही विनाउपचार झोपता.

चार तासांविषयीही लिहितो, कारण हा आकडा आपल्याकडे अनेकांना पुरेशा उपचाराची खूण म्हणून सांगितला जातो. अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेचा मशीनचा खर्च पुढे चालू ठेवण्यासाठी असा निकष आहे की, पहिल्या तीन महिन्यांतील सलग ३० दिवसांपैकी किमान ७० टक्के रात्री चार किंवा अधिक तास वापर व्हावा. ती पैसे देण्याची अट आहे. तेवढ्या वापराने माणूस बरा होतो असा तिचा अर्थ नाही. २००७ साली 'स्लीप' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णाला स्वतःला जाणवणारा झोपाळूपणा चार तासांच्या आसपासच्या वापराने कमी होताना दिसला, प्रयोगशाळेत मोजलेला झोपाळूपणा कमी होण्यासाठी सुमारे सहा तासांचा वापर लागला आणि दैनंदिन कामकाज सुधारण्यासाठी साडेसात तासांपर्यंत वापर वाढेल तसा लाभही वाढत गेला. त्यामुळे झोपेत असलेला प्रत्येक तास मास्कसह घालवणे हेच उद्दिष्ट ठेवावे.

सुरुवातीच्या ताजेपणाचेही कारण आहे. वर्षानुवर्षे तुटक झोपलेल्या मेंदूला प्रथमच सलग झोप मिळाली की तो पहिल्या काही रात्री गाढ आणि रेम झोप नेहमीपेक्षा जास्त घेतो. तो भर ओसरला की नवल संपते आणि राहिलेली उणीव पुन्हा जाणवू लागते. साचलेला शीण जायला काही जणांना कित्येक महिने लागतात. माझ्या बाबतीतही सुधारणा सावकाशच झाली.

मोगरा यांचे उत्तर

माझे यजमान रत्नागिरीत हेच मशीन वापरतात, त्यामुळे मी केवळ तोंड कोरडे पडण्याविषयी लिहिते. तोंड कोरडे पडून जाग येत असेल, तर बहुधा झोपेत तोंड उघडते आणि नाकावाटे आत गेलेली हवा तोंडातून निसटते. ॲपमध्ये गळतीचा आलेख असतो; पहाटे तो वर चढतो का, ते पाहावे. तसे असल्यास नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क किंवा हनुवटीचा पट्टा यांविषयी विचारावे. ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओलावा देणारी पाण्याची टाकी, असेल तर त्याची पातळी एकेका अंकाने वाढवावी. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि एसीच्या खोलीत ती अधिक लागेल. आमच्याकडे पावसाळ्यात उलट नळीत पाणी साचते, म्हणून आम्ही ती पातळी कमी ठेवतो आणि नळी पांघरुणाखालून नेतो. टाकीत डिस्टिल्ड पाणीच घालावे.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. झोपण्यापूर्वी चेहऱ्याला तेल किंवा क्रीम लावले असेल, तर मास्कची सिलिकॉनची उशी घसरते आणि हवा डोळ्यांकडे येते. चेहरा साबणाने धुऊन कोरडा करावा आणि ती उशीही रोज सकाळी सौम्य साबणाने धुवावी. दाढी वाढलेली असेल तरीही गळती होते.

करवीर यांचे उत्तर

मी कोल्हापुरात छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून काम करतो. आपल्याला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येणार नाही, तरीही आपल्या डॉक्टरांशी कशाविषयी बोलावे, हे सांगतो.

पहाटवारा यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते आणि प्रथम तेच दुरुस्त व्हावे. मात्र मशीनच्या बाहेरही दोन ठळक शक्यता आपल्याच प्रश्नात आहेत. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी १२ जीवनसत्त्वाची पातळी घटते, आणि आहार शाकाहारी असेल तर ही घट आणखी सहज होते. त्यातून येणारा थकवा कोणत्याही मास्कने जाणार नाही. सेटिरिझिनची गुंगी काही जणांना दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. नाक चोंदण्यासाठी स्टिरॉइडचा नाकात मारायचा फवारा अनेकदा अधिक उपयोगी पडतो, त्याविषयी विचारावे. नाक झटपट मोकळे करणारे थेंब मात्र सलग काही दिवसांहून अधिक वापरू नयेत, कारण ते बंद करताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते. बी १२ बरोबर हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी या तपासण्या करून घ्याव्यात. झोपताना पायांत अस्वस्थता येत असेल किंवा मन सतत उदास राहत असेल, तर तेही सांगावे. बहुतेक रुग्ण ते सांगायचे टाळतात.

मशीनच्या सविस्तर नोंदीत श्वासरोधांचे प्रकार वेगळे दाखवलेले असतात. दाबाचा उपचार सुरू केल्यावर काहींच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास घेण्याची मेंदूची आज्ञाच क्षणभर थांबते. असे श्वासरोध बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत ओसरतात. ते टिकून राहिले तर मशीनचा प्रकार बदलण्याचा विचार करावा लागतो. दाब स्वतःहून वाढवू नये. हे सर्व नीट करूनही झोपाळूपणा उरलाच, तर मोडाफिनिलसारखे औषध देता येते, पण ती अगदी शेवटची पायरी आहे.

मला सर्वांत जास्त काळजी आपल्या मोटार चालवण्याची वाटते. झोपाळूपणा मोजणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीत आठ रोजच्या प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. बेरीज १० च्या वर गेली तर झोपाळूपणा अधिक आहे असे मानतात. ती आजच भरून पाहावी आणि दुपारचा झोपाळूपणा जाईपर्यंत वर्ध्याला रेल्वेने जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वैनगंगा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एपवर्थची बेरीज १४ आली. उद्यापासून रेल्वेने जाईन आणि रक्ताच्या तपासण्यांसाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. गळतीचा आलेख अडीचनंतर खरोखरच वर चढलेला दिसतो. एक शंका राहिली आहे. रविवारी जेवणानंतर तासभर झोपतो, तेव्हाही मास्क लावावा का?

करवीर

होय, अवश्य लावावा, कारण घशातील श्वासमार्ग दिवसाच्या झोपेतही तसाच मिटतो. झोप अर्ध्या तासाची ठेवावी आणि तीन वाजण्यापूर्वी उठावे, म्हणजे रात्रीच्या झोपेला धक्का लागणार नाही. डॉक्टरांकडे जाताना मशीनमधील मेमरी कार्ड आणि स्लीप स्टडीचा मूळ अहवाल दोन्ही सोबत न्यावे.