सिंगापूर एस पास : कागदावर ३,५००, त्यातले ४०० रोख परत मागतायत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला (वय २५, डिप्लोमा मेकॅनिकल, मिरज) सिंगापूरच्या एका जहाजदुरुस्ती यार्डात फिटरची नोकरी लागली आहे. एस पासचं (मधल्या स्तरावरच्या कुशल परदेशी कामगारांना तिथे मिळणारा कामाचा परवाना) आयपीए, म्हणजे तत्त्वतः मंजुरीचं पत्र हातात आलंय. बेसिक २,००० सिंगापूर डॉलर, ठरलेले भत्ते १,५००, एकूण ३,५००. घरी आनंद आहे, तिकिटाची घाई चालली आहे. पण एजंट परवा फोनवर जे बोलला, त्याने माझी झोप उडाली आहे.

खोली आणि जेवणाचे मिळून दरमहा ८०० पगारातून कापणार. शिवाय कंपनीला सरकारकडे लेव्ही (परदेशी कामगार ठेवल्याबद्दलचा मासिक कर) भरावी लागते, म्हणून ४०० रोख दर महिन्याला सुपरवायझरच्या हातात ठेवायचे. "सगळेच देतात," म्हणे. ऑफर लेटरमध्ये यातलं एक अक्षरही नाही. एजंटची फी अडीच लाख, ती वेगळीच. पन्नास हजार देऊन झालेत आणि पावती नाही.

मी जमेल तेवढं वाचलं. १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या एस पासला किमान पगार ३,३०० आहे, तो वयाप्रमाणे चढत पंचेचाळिशीला ४,८०० होतो. दरमहा न बदलणारे भत्ते त्यात धरता येतात, हेही कळलं. पण हातात २,३०० च पडणार असतील तर त्या ३,५०० ला अर्थ काय? आणि बेसिक एवढं कमी ठेवण्यामागे काही डाव आहे का? तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा : त्याने जाऊच नये, की काही लिहून घेऊन जावं?

प्रतिसाद

ताई, मी तिथे मरीन कंत्राटदाराकडे एचआरमध्ये होतो. आधी ते ४००. हा सरळ गुन्हा आहे. नोकरी देण्याच्या किंवा टिकवण्याच्या बदल्यात परदेशी कामगाराकडून पैसे घेतले तर ३०,००० डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एस पासची लेव्ही महिना ६५० आहे हे खरं, पण ती मालकाने स्वतःच्या खिशातून भरायची. तिचा एक डॉलरही कामगाराकडून वसूल करता येत नाही.

८०० चं तसं नाही. राहण्याची आणि इतर सोयींची कपात चालते, मात्र ती कामगाराने मान्य केलेली हवी आणि पगाराच्या पाव हिश्शावर जाता कामा नये. ३,५०० चा पाव हिस्सा ८७५, म्हणजे ८०० हा आकडा बरोबर बेतून काढलाय. पण ठरलेली कपात 'की एम्प्लॉयमेंट टर्म्स'मध्ये, म्हणजे नोकरीच्या मुख्य अटींच्या लेखी कागदात, लिहून द्यावीच लागते. नियमाने नोकरी सुरू झाल्यावर १४ दिवसांत, पण तुम्ही तो कागद आत्ताच मागा.

आता बेसिक. तुमची शंका रास्त आहे. ओव्हरटाइम बेसिकवर निघतो, भत्त्यांवर नाही. बेसिकची बारा महिन्यांची रक्कम भागिले (५२ आठवडे गुणिले ४४ तास), आणि त्याची दीडपट. २,००० ला ताशी सुमारे १५.७० पडतात, सगळे ३,५०० बेसिक असते तर २७.५० पडले असते. यार्डात महिन्याला ७२ तासांच्या मर्यादेपर्यंत ओव्हरटाइम होणं नवल नाही. म्हणजे साडेआठशे डॉलर गेले. कायद्यात बसतं, म्हणून कंपन्या असं करतात. मला तेव्हाही ते पटत नव्हतं, आजही नाही.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. फीबद्दल सांगते. आपल्याकडे नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधा. आयपीए खरं आहे का, तेही सिंगापूरच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या वेबसाइटवर पासपोर्ट क्रमांक टाकून पाहता येतं. हे तिकीट काढण्याआधी करा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आयपीए साइटवर दिसतंय, खरं आहे. एजंटचं नाव मात्र ई-मायग्रेटवर नाही. ४०० चं ईमेलवर लिहून द्या म्हटलं तर "असलं लेखी नसतं" म्हणाला. आम्ही थेट कंपनीच्या एचआरला ईमेल केली आहे : कपातीचा कागद पाठवा, आणि रोख परतफेड भाऊ करणार नाही. पन्नास हजारांचं काय करू? आणि तिथे गेल्यावर मागितलेच तर?

प्रतिसाद

नोंदणी नसताना परदेशी भरती करणं १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली गुन्हा आहे. मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचं सरकारी कार्यालय) आणि मिरजेत पोलिसांकडे, दोन्हीकडे तक्रार द्या. पैसे यूपीआयने दिले असतील तर तोच पुरावा.

तिथे मागितले तर तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव त्याच दिवशी लिहून ठेवायला सांगा, पे-स्लिपचे फोटो तुम्हाला पाठवू दे, आणि मायग्रंट वर्कर्स सेंटरला (परदेशी कामगारांना मदत करणारी तिथली संस्था) फोन करू दे. थकलेल्या पगाराचा दावा नोकरीत असताना एका वर्षात, नोकरी सुटल्यावर सहा महिन्यांत करावा लागतो. एचआरचं उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका.