मदत हवी आहे: ‘चोलमोंडेले’ हे इंग्रजी आडनाव मराठीत कसं लिहायचं?

अनुवादवही: केनियातल्या गोऱ्या वसाहतवाल्यांवरचा इंग्रजी लेख मराठीत आणतेय. त्यात ह्यू नावाच्या गृहस्थाचं आडनाव आहे सी-एच-ओ-एल-एम-ओ-एन-डी-ई-एल-ई-वाय. चोलमोंडेले लिहू की चॉमंडली? अर्थ काय? शिवाय दोन परिच्छेदांनी ‘लॉर्ड डेलामिअर’ उगवतात आणि ह्यू गायब होतो. हा तोच माणूस का?

जुनी पाटी: उच्चार ‘चम्ली’. बारा अक्षरांतून एवढंच उरतं. मुळात हे इंग्लंडच्या चेशर परगण्यातल्या गावाचं नाव, १०८६ च्या डूम्सडे बुकात (इंग्लंडच्या जमिनींच्या सरकारी नोंदवहीत) नोंदलेलं. ‘चेओलमुंड’ हे जुन्या इंग्रजीतलं पुरुषाचं नाव आणि ‘लेआ’ म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जागा. थोडक्यात, चेओलमुंडाची मोकळी जागा. आपल्या ‘-कर’वाल्यांसारखं गावावरून पडलेलं आडनाव, फक्त प्रत्यय न लावता.

उच्चाराचा जोर पहिल्या शब्दावयवावर (सिलेबलवर) असल्यामुळे मधले स्वर झिजले, आणि ‘म’च्या आधीचा ‘ल’ गळाला, जसा ‘होम्स’मध्ये गळतो. स्पेलिंग मात्र कागदोपत्री तसंच राहिलं. सगळ्या शाखांत नाही बरं का: १५६५ मध्ये लंडनच्या हायगेटची शाळा काढणारे सर रॉजर यांच्या स्पेलिंगात मधलं ‘ओ-एन-डी’ नसतं, उच्चार तोच. म्हणून मूळ लेखातलं स्पेलिंग अक्षर-अक्षर तपासा, नाहीतर भलत्याच शाखेचा माणूस गळ्यात पडेल.

पदवीपुराण: माणूस एकच. ह्यू चम्ली (१८७०–१९३१) हे तिसरे बॅरन (सर्वांत खालच्या दर्जाचे उमराव) डेलामिअर. चम्ली आडनाव, डेलामिअर पदवी. १८८७ मध्ये वडिलांमागून पदवी मिळाली, तेव्हा त्याआधीच्या प्रसंगांत ‘ह्यू चम्ली’ आणि नंतर ‘लॉर्ड डेलामिअर’ असं लिहा. पहिल्या उल्लेखात दोन्ही जोडून द्या.

मुंबईचं उदाहरण घ्या. १८९५ ते १९०० चे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांचं आडनाव मॅन्सफील्ड होतं. रस्त्याला नाव पदवीचं लागलं: सँडहर्स्ट रोड.

अनुवादवही: मग वाचकांच्या सोयीसाठी सगळीकडे ‘लॉर्ड चम्ली’ केलं तर?

पदवीपुराण: अजिबात नको! ‘लॉर्ड चम्ली’ म्हटलं की नॉरफोकच्या हाउटन हॉलचे मार्क्वेस (ड्यूकच्या खालोखालचे उमराव) डोळ्यांपुढे येतात. त्या घराण्यात आडनाव आणि पदवी दोन्ही चम्लीच, आणि त्यांच्या थोरल्या मुलाला रिवाजाने ‘अर्ल ऑफ रॉकसॅव्हेज’ म्हणतात. ‘लॉर्ड ह्यू’ही चूक. लॉर्डपुढे पहिलं नाव येतं ते ड्यूक किंवा मार्क्वेसच्या धाकट्या मुलांच्या बाबतीत. ‘सर’चं उलट: सर आयझॅक किंवा सर आयझॅक न्यूटन, पण ‘सर न्यूटन’ कधीच नाही. आपल्या पाठ्यपुस्तकी सवयीमुळे हे हमखास चुकतं.

कानामात्रा: देवनागरीत ‘चम्ली’ लिहाच, पण मराठी वाचक ‘च’ दोन तऱ्हांनी वाचतो. पहिल्या उल्लेखाला तळटीप द्या: ‘च’ चहातला, चटणीतला नव्हे. विभक्ती सरळ लागते: चम्लींनी, चम्लींचा. सूचीत मुख्य नोंद ‘डेलामिअर’खाली, सोबत ‘चम्ली, ह्यू: डेलामिअर पाहा’, आणि स्पेलिंग बघून शोधणाऱ्यांसाठी ‘चोलमोंडेले: चम्ली पाहा’.

त्याच लेखात मेनवेअरिंग किंवा ब्यूचॅम्प दिसले तर अनुक्रमे ‘मॅनरिंग’ आणि ‘बीचम’ करा. ‘फेदरस्टोनहॉ’ला मात्र सरसकट नियम लावू नका. काही घराणी ‘फॅनशॉ’ म्हणतात, काही अक्षरांप्रमाणे. उच्चारकोशात एकाहून जास्त रूपं मिळतात, तिथे ती विशिष्ट व्यक्ती काय म्हणायची ते शोधावं लागतं.

अनुवादवही: नैरोबीतला ‘डेलामिअर अव्हेन्यू’ही आहे लेखात. तो तसाच ठेवू ना?

जुनी पाटी: ठेवा, पण कंसात ‘आताचा केन्याटा अव्हेन्यू’ घाला.