शब्दचर्चा: न्यूट्रॉन कशातून जातो, 'संमिश्रा'तून की 'कंपोझिट'मधून?

प्रश्न:
कोल्हापुरात फाउंड्रीतल्या मंडळींसमोर मराठीत बोलायचं आहे. विषय आहे न्यूट्रॉन प्रकाशकीसाठी (म्हणजे न्यूट्रॉनला प्रकाशासारखं वळवण्या-परतवण्यासाठी) बनवलेल्या कंपोझिटमधून न्यूट्रॉन कसे जातात, त्याचं सिम्युलेशन. कंपोझिटला 'संमिश्र' म्हणू का? आणि स्कॅटरिंगला 'विकिरण' की 'प्रकीर्णन'?

उत्तर:
मॅडम, 'संमिश्र' टाळाच. शिरोली-उद्यमनगरात संमिश्र म्हटलं की मिश्रधातू आठवणार, आणि इथे सगळा भेद तिथेच आहे. एकजीव मिश्रधातूत अणू एकमेकांत मिसळलेले असतात. संथ न्यूट्रॉनच्या लाटेला त्यांची सरासरी जाणवते. कंपोझिटमध्ये घटक आपापली जागा धरून असतात, त्यांच्यामध्ये सीमा असते. पॉलिमरमध्ये सिलिकाचे किंवा हिऱ्याचे नॅनोकण पट्ट्यापट्ट्यांनी बसवून न्यूट्रॉनसाठी विवर्तन जालक (लाटेला ठराविक दिशांना वळवणारी पट्ट्यांची रचना) करतात, ते या सीमांच्याच जोरावर. म्हणून सरळ 'कंपोझिट' म्हणा.

'विकिरण' शाळेच्या पुस्तकात स्कॅटरिंगसाठीच आहे, पण हिंदीत त्याचा अर्थ रेडिएशन. न्यूट्रॉनच्या व्याख्यानात हा घोळ फार महाग पडेल. 'प्रकीर्णन' म्हणा, पहिल्यांदा 'विखुरणे' जोडून. 'प्रकीर्णन लांबी'ही (अणुकेंद्र न्यूट्रॉनच्या लाटेला किती जोराने विखुरतं त्याचं माप) मग सहज येते: निकेलची सुमारे १०.३ फेम्टोमीटर, टायटॅनियमची उणे ३.४. या दोघांचे थर आलटूनपालटून चढवले की न्यूट्रॉनचा उत्तम आरसा होतो. ही उणे खूण (टायटॅनियमकडून विखुरलेली लाट निकेलकडच्या लाटेच्या उलट असते) जरूर समजावून सांगा, फार सुंदर गोष्ट आहे ती.

दुसरे उत्तर:
मी ओतकामातला. करड्या ओतीव लोखंडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्या सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतात. मग ते तुमच्या हिशेबात मिश्रधातू की कंपोझिट?

उत्तर:
दादा, नेमकं बोललात. कारखान्यात तो मिश्रधातूच, पण न्यूट्रॉनला तिथे सीमा भेटतात. लोखंड आणि ग्रॅफाइट त्याच्या दृष्टीने फारसे वेगळे नाहीत, त्यामुळे तो वळतो अगदी थोडा. तरी माझ्या लेखी शब्द आतल्या सीमेवरून ठरावा, नुसत्या धातूवरून नाही. मॅडम, हे उदाहरण व्याख्यानात घ्याच.

प्रश्न:
आणि सिम्युलेशन? 'सदृशीकरण' कोशात मिळालं.

उत्तर:
छापील लेखात चालेल. या श्रोत्यांपुढे 'सिम्युलेशन'च, कारण साचा कसा भरतो, धातू कुठे आधी गोठतो, हे ते संगणकावर बघतात. फरक मात्र सांगा. माँटे कार्लो पद्धतीत एकेक न्यूट्रॉन सोडायचा आणि प्रत्येक टप्प्यावर यादृच्छिक आकड्याने ठरवायचं: तो आरपार गेला, विखुरला की शोषला गेला. असे लाखो न्यूट्रॉन झाले की चित्र उभं राहतं. जालकापाशी मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथे वेगवेगळ्या पट्ट्यांतून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात, म्हणून लाटेचं समीकरणच सोडवावं लागतं. तेव्हा 'न्यूट्रॉन भेदून जातो' असं सरसकट म्हणू नका. भेदणं गोळीचं असतं. 'पार जातो' म्हणा, ते कणालाही चालतं, लाटेलाही.