जुन्या घरातला छोटा संडास नव्याने करताना: तुमचे अनुभव लिहा

आमचं घर कोथरूडमध्ये, इमारत १९८४ सालची. संडास वेगळा, न्हाणीघर वेगळं आणि बेसिन बाहेर पॅसेजमध्ये. संडास आतून साडेचार फूट बाय तीन फूट. एक पायरी चढून वर जायचं, वर भारतीय भांडं आणि डोक्यावर साखळीची लोखंडी टाकी. ती टाकी मी या घरात आले तेव्हाही बंदच होती. एवढ्या वर्षांत ओटा बदलला, खिडक्या बदलल्या, तीनदा रंग झाला, पण संडासाला कोणी हात लावला नाही. पाहुण्यांना दाखवायची जागा नाही ना ती!

गेल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. यापुढे उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग एवढ्याशा जागेत कमोड आणि कोपऱ्यातलं बेसिन दोन्ही बसवायचं ठरलं, म्हणजे त्यांना हात धुवायला ओल्या पायांनी पॅसेजमध्ये यावं लागणार नाही.

पायरी फोडायला घेतली त्या दिवशी खरं कळलं. पायरीच्या आत विटांच्या तुकड्यांचा कोबा होता आणि तो पिळून पाणी निघेल इतका ओला. भांड्याचा ट्रॅप (खालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग) आणि बाहेर जाणारा पाइप यांचा सांधा कधीच सुटला होता. खालच्या मजल्यावरच्या काकू दहा वर्षं सांगत होत्या की छताचे पापुद्रे पडतात. आम्ही दर वेळी पावसाळ्याकडे बोट दाखवायचो. त्या दिवशी मी खाली गेले आणि त्यांची माफी मागितली. त्यांचं छतही आमच्याच खर्चाने करून दिलं.

सगळा कोबा काढला. पाटी-पाटीने राडारोडा खाली नेताना बिगाऱ्यांचा अख्खा दिवस गेला. स्लॅब चार दिवस कोरडी होऊ दिली, कोपऱ्यांना गोलाई दिली, वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले आणि दाराशी विटांचा बांध घालून पाणी भरून ठेवलं. वीस तासांनी काकूंचा फोन आला, की कोपरा ओला दिसतोय. पाइप स्लॅबमधून जातो तिथेच गळत होतं. गवंडीमामा म्हणाले, "ताई, आता फरशी बसली की आपोआप थांबेल." मी ऐकलं नाही. पुन्हा उघडलं, पाइपभोवती न आकसणारं ग्राउट भरलं, पुन्हा पाणी भरलं आणि या वेळी तीन दिवस ठेवलं. कोरडं राहिलं तेव्हाच फरशी घातली. सगळ्या कामात मला सर्वांत समाधान कशाचं असेल तर त्या तीन दिवसांचं.

पायरी पूर्ण गेली नाही, तीन इंच उरली, कारण पाइपला उतार मिळायला हवा होता. त्या पायरीशेजारी भिंतीत स्टीलचा दांडा लावलाय. दार बाहेर उघडणारं केलं, नाहीतर बेसिन बसतच नव्हतं.

तुम्ही अशी छोटी, जुनी जागा नव्याने केली असेल तर लिहा. काय मोजायचं राहून गेलं, फोडल्यावर आत काय सापडलं, कुठे पैसे घातल्याचं बरं वाटलं? सुंदर दिसण्यापेक्षा ते ऐकायला मला आवडेल.

ठाणे

आमचा घोळ मोजमापाचा. दुकानात कमोड आवडला आणि लगेच पैसे भरले. आमचं मलपाण्याचं तोंड जमिनीत, म्हणजे एस ट्रॅप. भिंतीपासून त्या तोंडाच्या मध्यापर्यंत बारा इंच. घेतलेला कमोड नऊ इंचांचा. बसवला असता तर मागे तीन इंचांची फट राहिली असती आणि कमोड तेवढाच पुढे, जिथे आधीच गुडघे दाराला लागत होते. दुकानदाराने बदलून दिला, पण रंगात तडजोड करावी लागली.

आणखी एक. हे माप जुन्या भिंतीपासून नव्हे, नव्या टाइल्स लागल्यावर जी भिंत उरेल तिच्यापासून घ्यायचं. जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवल्या तर अर्धा-पाऊण इंच तिथेच जातो. आमच्या शेजाऱ्यांनी जमिनीवरही टाइलवर टाइल घातली आणि संडासाची जमीन उंबऱ्याला आली. आता धुताना पाणी बाहेर खोलीत येतं.

लातूर

मी भारतीय भांडंच ठेवलं आणि त्याचं कारण पाणी. २०१६ साली आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. ते दिवस ज्यांनी काढले त्यांच्या हातून फ्लशचं बटण सहज दाबलं जात नाही. जुन्या उंच टाक्या एका वेळी दहा लिटरच्या वर पाणी सोडायच्या. आताच्या दोन बटणांच्या टाक्यांत साधारण तीन आणि सहा लिटर. पण ग्रामीण शौचालयांसाठी जे खोल उताराचं भांडं करतात, ते दीड-दोन लिटर पाण्यात, एका मोठ्या तांब्यात साफ होतं. मी तेच शोधून आणलं. प्लंबर म्हणाला, शहरातल्या घरात हे कोण बसवतं? म्हटलं, आम्ही बसवतो.

बेसिनचं पाणी एका नळीने बादलीत घेतलंय, तेच भांड्यात ओततो. आईसाठी वर ठेवायची लोखंडी खुर्ची आहे, मधे भोक असलेली. ती तिला कमोडइतकीच सोयीची वाटते आणि नको तेव्हा भिंतीला टेकवून ठेवता येते.

डोंबिवली

कोथरूडच्या ताईंना एकच प्रश्न. घरात एकच संडास असताना काम चालू होतं तेव्हा तुम्ही काय केलंत? आमचं याच एका कारणाने तीन वर्षं अडलंय. सासरे ८१ वर्षांचे आहेत.

कोथरूड

शेजाऱ्यांनी किल्ली दिली, ते दिवसभर कामावर असतात. सासूबाईंना पंधरा दिवस नणंदेकडे ठेवलं. आमचं काम अठरा दिवस चाललं, त्यातले तोडफोडीचे दोनच. बाकी सगळं सुकण्याची वाट बघणं, आणि तिथेच घाई करण्याचा मोह होतो. माणसांची सोय आधी लावा, मग गवंड्याला तारीख द्या. सोय नसली की मनात नसतानाही "उरका लवकर" म्हटलं जातं.

गिरगाव

आम्ही चाळीत राहतो, दुसरा मजला. घरात मोरी आहे, संडास पॅसेजच्या टोकाला, बारा बिऱ्हाडांत चार. माझी फार इच्छा होती की मोरीतच अर्ध्या जागेत कमोड करावा. जाणकार माणूस बोलावला. त्याने मोरीखालचा पाइप दाखवला. तो फक्त सांडपाण्याचा, खाली गटाराच्या जाळीत सुटणारा. मलपाण्याचा मोठा पाइप इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथवर न्यायचा तर पाइप तीन घरांतून जाणार, उतार मिळणार नाही आणि आमच्या मजल्याखाली लाकडी तुळया आहेत. त्यांना पाणी लागलं की संपलं. त्याने काम घ्यायला साफ नकार दिला. आज त्याचे आभार मानते, दुसरा कोणी पैसे घेऊन करून गेला असता.

मग आम्ही बायकांनी मिळून दुसरा मार्ग धरला. चार सामायिक संडासांपैकी कोपऱ्यातला एक म्हाताऱ्या माणसांसाठी करायचा. प्रत्येक बिऱ्हाडाने वर्गणी काढली. आत कमोड, दोन्ही बाजूंना दांडे, बाहेर छोटं बेसिन, रात्रभर जळणारा दिवा. जमिनीला खरखरीत टाइल्स. साफसफाईची पाळी दारावर लिहिलेली आहे. माझ्या आजेसासूबाई शेवटची दोन वर्षं तिथे कोणाचा हात न धरता जात होत्या. त्यांना याचा किती आनंद होता ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

पुणे, बांधकामावर ३० वर्षं

वरचं सगळं वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

ज्या संडासात आंघोळ होत नाही तिथे जमिनीतल्या जाळीत रोज पाणी पडत नाही. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभं असतं, ते गटारातला वास आणि झुरळं अडवतं. पाणी आटलं की वास थेट घरात. नव्या चकचकीत संडासाला वास येतो अशी तक्रार घेऊन माझ्याकडे जितके लोक आले, त्यातल्या बहुतेकांकडे हेच होतं. उपाय सोपा आहे. बेसिनचं पाणी त्याच ट्रॅपमध्ये सोडा, म्हणजे हात धुतले की ट्रॅप भरलेला राहतो. पण हे फरशी बसायच्या आधी ठरवावं लागतं, नंतर नाही.

दुसरं ढाळाचं. फुटाला एक ते दोन सूत ढाळ जाळीकडे हवा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कारागीर चांगला असला तरी कोपऱ्यात कमोडमागे ढाळ चुकतो, कारण तिथे हात पोचत नाही. टाइल चिकटवल्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी एक तांब्या पाणी कमोडच्या मागे ओता आणि कुठे थांबतं ते बघा. थांबलं तर त्याच दिवशी ती टाइल उचलायला सांगा. टाइल्समधल्या फटी मात्र एपॉक्सीने भरा, तिथे पैसे वाचवू नका. पांढऱ्या सिमेंटच्या फटी काही महिन्यांत काळ्या पडतात आणि पाणीही पितात.

आणि झिरी पाडून भिंत उघडलीच आहे तर जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आत ठेवू नका. बाहेरून धड दिसतात, पण गंजाने आतलं भोक पेन्सिलीएवढं उरलेलं मी कितीदा पाहिलंय. नवे पाइप टाकलेत की भिंत बुजवायच्या आधी फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे दांडा लावायला भोक पाडताना तो फोटो उपयोगी पडतो.

न्यू जर्सी

आमचं घर १९७२ सालचं. तळमजल्यावर ज्याला इथे हाफ बाथ म्हणतात ते आहे, कमोड आणि बेसिन, आंघोळीची सोय नाही. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. जिना नको म्हणून त्यांना खाली खोली दिली आणि हे बाथरूम त्यांच्यासाठी नव्याने केलं.

भिंतीचा कागद काढला तर खाली जुना रंग. १९७८ पूर्वीच्या घरात रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासण्याआधी तपासून घेतला. जमिनीवरच्या व्हिनाइलखाली नऊ इंची जुन्या टाइल्स निघाल्या. त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. प्रयोगशाळेत तुकडा पाठवला, निघालंच. मग त्या उखडल्या नाहीत, तशाच ठेवून वर नवी जमीन टाकली. त्यामुळे जमिनीची उंची वाढली आणि कमोडखालची फ्लँज, म्हणजे कमोड पाइपला जोडणारी चकती, खोल गेली. तिला वाढीव कडी लावून मगच मेणाची रिंग बसवली. हे केलं नसतं तर प्रत्येक फ्लशला थोडं थोडं पाणी लाकडात झिरपलं असतं.

पण मुख्य अडचण वेगळीच होती. इथे जमिनीला जाळी नसते. आईची आयुष्यभराची सवय पाणी घेण्याची, पाणी ओतून धुण्याची. जमिनीखाली प्लायवूड आहे, ओतलेलं पाणी जाणार कुठे? पहिल्या भेटीत ती सतत अपराधी चेहऱ्याने फडक्याने जमीन पुसत असायची, ते बघवत नव्हतं. म्हणून या वेळी कोमट पाण्याचा फवारा असलेली सीट बसवली. त्यासाठी कमोडशेजारी विजेचा प्लग पॉइंट घ्यावा लागला, ओल्या जागेतला सुरक्षित, करंट गळला की लगेच बंद पडणारा. भिंत उघडी होती तेव्हाच आत आडवी लाकडं ठोकून घेतली, कारण इथल्या पोकळ भिंतीत दांडा नुसता स्क्रूवर टिकत नाही.

आई आता पुसत नाही.

राजापूर

आमचा जुना संडास परसात, जांभ्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर. रात्री पावसात छत्री आणि टॉर्च घेऊन जायचं. घराला लागून नवा केला तेव्हा पडवीचा कोपरा वापरला. जांभ्याची भिंत जाड असते, तिच्यात पाइप घालताना पंधरा दिवस गेले. सेप्टिक टाकी विहिरीच्या उताराखाली आणि लांब घेतली, त्यासाठी पाइप वाढवावा लागला तरी. गणपतीत घरात वीस माणसं असतात, तेव्हा ही टाकी लहान पडणार नाही एवढं आधीच बघितलं. आणि पाहुण्यांनाही सांगून ठेवलंय, साफ करायला ॲसिड ओतू नका, टाकीतले जंतू मरतात आणि मग टाकी भरून वाहते.

नाशिक

माझे वडील संडासात चक्कर येऊन पडले. दार आत उघडणारं, आणि ते दाराला टेकून पडलेले. आम्ही बाहेरून ढकलत होतो, पण जोर लावला तर त्यांनाच लागणार. आतून कडी. ते उत्तर देत होते, पण उठता येत नव्हतं. शेवटी वरची झरोक्याची काच काढून माझ्या मुलाला आत उतरवलं. पंचवीस मिनिटं गेली. वडील बरे आहेत.

पुढच्याच महिन्यात काम काढलं. टाइल्स बदलल्या नाहीत, त्या चांगल्या होत्या. दार बाहेर उघडणारं केलं, रुंदी चोवीस इंचांवरून सत्तावीस केली आणि बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल असं कुलूप बसवलं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी बाकी काही केलं नाही तरी एवढं करा, असं हात जोडून सांगते.

कोथरूड

नाशिकच्या ताई, तुमचं वाचलं आणि उठून आमचं दार बघून आले. दार बाहेर उघडतं, पण कडी आम्ही जुनी पितळेचीच ठेवली होती, सासऱ्यांनी लावलेली म्हणून. बाहेरून ती उघडत नाही. सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, देवघराच्या कपाटाला लाव ती. उद्या सकाळी सुतारमामा येताहेत.