सिम-रिगसाठी प्रोजेक्टर: १० बाय ११ च्या खोलीत काय बसेल?

तिसरा_गिअर (पुणे)

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय.

घरी कार रेसिंगच्या गेमसाठी लॉजिटेक जी२९ स्टिअरिंग-पेडल आणि सुताराकडून करून घेतलेली लाकडी रिग (सीट आणि स्टिअरिंगचा सांगाडा) आहे. समोर २७ इंची फुल एचडी मॉनिटर, पीसीत आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. खेळतो ते मुख्यतः असेटो कोर्सा, अधूनमधून एसीसी (असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने). मॉनिटर आता फार तोकडा पडतोय. वळणाचा अपेक्स (आतल्या कडेचा बिंदू) नजरेत येईपर्यंत गाडी वळवायची वेळ निघून गेलेली असते. तीन मॉनिटर की प्रोजेक्टर, या विचारात प्रोजेक्टरकडे जास्त ओढा आहे, कारण त्याच पडद्यावर घरचे सगळे क्रिकेट आणि सिनेमेही बघतील.

खोली ११ फूट लांब, १० फूट रुंद, उंची साडेनऊ फूट. १० फुटी भिंत पूर्ण मोकळी आहे, चित्र तिच्यावर घ्यायचंय. छताला बरोबर मधोमध पंखा. डाव्या हाताला बाल्कनीचं सरकतं दार. बजेट दीड लाख, थोडं पुढेमागे झालं तरी हरकत नाही. दुकानात जो तो म्हणतो, लहान खोली म्हणजे शॉर्ट थ्रोच (जवळून मोठं चित्र टाकणारा) घ्या. खरंच तसं आहे का? आणि १०० इंच घेऊ की १२०?

ओळंबा (ठाणे)

प्रोजेक्टर बसवणं हाच माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मॉडेल शेवटी ठरवा. आधी रिगमध्ये बसा आणि कुणाला तरी टेप घेऊन दोन मापं घ्यायला सांगा: जमिनीपासून डोळ्याची उंची आणि भिंतीपासून डोळ्याचं अंतर. बाकी सगळं या दोन आकड्यांवरून ठरतं.

समजा डोळा जमिनीपासून ११० सेंमीवर आहे आणि भिंतीपासून दीड मीटरवर. १०० इंची चित्र २२१ सेंमी रुंद आणि साधारण १२५ सेंमी उंच असतं. दीड मीटरवरून ते आडवं ७३ अंश भरतं. तुमचा २७ इंची मॉनिटर ६० सेंमीवरून ५३ अंश भरतो. म्हणजे फरक चांगलाच जाणवेल.

आता उंची, जिच्याकडे सगळेच दुर्लक्ष करतात. सिनेमा सोफ्यावरून मान थोडी वर करून बघितला तरी चालतो. गाडी चालवताना क्षितिज डोळ्याच्या रेषेत लागतं, नाहीतर सतत चढावर असल्यासारखं वाटतं. चित्राचा मध्य ११० सेंमीवर घेतला तर खालची कड जमिनीपासून सुमारे ५० सेंमीवर आणि वरची १७५ वर येते. बऱ्याच डीएलपी (बारीक आरशांच्या चिपने चित्र टाकणाऱ्या) प्रोजेक्टरमध्ये उलटा टांगल्यावर लेन्स चित्राच्या वरच्या कडेपेक्षा थोडीच वर लागते. १०० इंचाला १०-१२ सेंमी धरा, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये ‘ऑफसेट’ म्हणून दिलेला असतो. म्हणजे लेन्स आली १८७ सेंमीवर. तुमचं छत २९० वर. प्रोजेक्टर छताला चिकटवला तर चित्र छतालगत जाईल आणि ते खाली आणायला कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र मशीनकडून चौकोनी करून घेणं) वापरावा लागेल. कीस्टोनने चित्राची धार जाते, आणि कित्येक मॉडेलांत कीस्टोन चालू असला की कमी लॅगचा (चित्र उमटायला होणाऱ्या उशिराचा) मोड चालतच नाही. त्यामुळे कीस्टोन शून्यावर, हा नियम पक्का धरा.

आता शॉर्ट थ्रो. थ्रो रेशो म्हणजे लेन्सचं पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. बेनक्यू टीएच६७१एसटी घेतला तर रेशो ०.६९ ते ०.८३, म्हणजे लेन्स भिंतीपासून १५० ते १८५ सेंमीवर. तुमच्या खोलीचा मध्य १६७ सेंमीवर, आणि तिथेच पंखा! नेहमीचा १२०० मिमीचा पंखा असेल तर पातं मधून ६० सेंमी बाहेर येतं. छतापासून मीटरभर खाली येणारा पाइप त्या घेरात उतरवताच येणार नाही. टीके७००एसटीआय ०.९ ते १.०८ चा आहे, तोही २ ते २.४ मीटरवर येतो. जेमतेम शेवटच्या कोपऱ्यात बसेल. ऑप्टोमा जीटी१०८०एचडीआर ०.५ चा आहे, तो ११० सेंमीवर पंख्याच्या घेराच्या कडेला येईल, शिवाय पाइप तुमच्या समोरच लोंबेल आणि रिगमध्ये चढता-उतरता कपाळमोक्ष ठरलेला.

म्हणून तुमच्या खोलीला मी साधा थ्रो सुचवतो. मागच्या भिंतीला लेन्स १८७ सेंमीवर येईल अशा बेताने मजबूत फळी ठोका आणि तिच्या खालच्या बाजूला प्रोजेक्टर उलटा लावा. मागे वायर आणि हवेला जागा सोडून लेन्स भिंतीपासून २९५ सेंमीवर येईल. भागिले २२१, म्हणजे १.३३. या पट्ट्यात पर्याय भरपूर आहेत. डोक्याची सावली पडेल का? हिशेब करून बघा: चित्राच्या खालच्या कडेकडे जाणारा किरण तुमच्या डोक्याजवळ, भिंतीपासून १६० सेंमीवर, १२४ सेंमी उंचीवरून जातो. डोळा ११० वर असेल तर टाळू १२२ च्या आसपास. निसटतं, पण निघतं. आणि खालची ती पट्टी तशीही स्टिअरिंगच्या आड असते.

१२० इंचाला याच जागेवरून १.११ रेशो लागेल, जो या पट्ट्यात सहसा मिळत नाही. १०० वर थांबा.

कोल्हापुरी_रेसर

ओळंबादादांचा हिशेब बरोबर आहे, पण एक गोष्ट आधी ठरवा. शर्यत गर्दीत लावता की एकटेच लॅप काढता? तीन ३२ इंची मॉनिटर ६५-७० सेंमीवर लावले तर दीडशे अंशांच्या वर दिसतं. शेजारची गाडी तुमच्या दाराशी आलीय हे नुसती नजर टाकून कळतं. ७३ अंशांत ते दिसत नाही. मी आमच्याकडे कार्टिंग करतो. तिथे बाजूला कोण आहे हे माहीत नसलं की वळणात चाकाला चाक लागतं, आणि सिममध्येही त्याचा राग समोरच्याला तेवढाच येतो.

प्रोजेक्टरच घ्यायचा असेल तर क्रू चीफ हे सॉफ्टवेअर नक्की टाका, ते कानात सांगतं डावीकडे गाडी आहे म्हणून. असेटोला हेलिकोर्सा या अ‍ॅपचा रडार (आसपासच्या गाड्या दाखवणारा) लावा. या दोघांच्या भरवशावर स्वच्छ शर्यत लावता येते.

लॅगबद्दल: २०० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर जाते. १६ मिलिसेकंद लॅग म्हणजे ९० सेंमी, ५० मिलिसेकंद म्हणजे पावणेतीन मीटर. पावणेतीन मीटर उशिरा दिसलेली गाडीची शेपटी सावरता येत नाही. ‘गेमिंग मोड’ या शब्दावर जाऊ नका, मिलिसेकंदांचा आकडा बघूनच घ्या.

स्नेहल_आखेन

मी जर्मनीत असते आणि न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफ या ट्रॅकवर स्वतःची गाडी घेऊन गेलेय, म्हणून हे आवर्जून सांगते. २०.८ किमीच्या त्या ट्रॅकवर सर्वांत उंच आणि सर्वांत सखल जागेत जवळपास ३०० मीटरचा फरक आहे. मॉनिटरवर तो कधीच कळला नाही. तिथल्या फुक्सरोऱ्हे या भागाचा उतार भिंतीएवढ्या चित्रावर पहिल्यांदा पाहिला तेव्हा पोटात तसाच गोळा आला, जसा खऱ्या गाडीत येतो. उंचसखलपणा समजायला चित्राची उंची लागते, आणि ती तीन मॉनिटर शेजारीशेजारी लावून मिळत नाही. मी पुन्हा घेतला तरी प्रोजेक्टरच घेईन.

एफओव्ही (गेममध्ये किती अंशांचं दृश्य दिसावं तो आकडा) मात्र मोजून टाका. असेटोत तो उभा मोजतात. दीड मीटर अंतर आणि १२५ सेंमी उंचीला ४५ अंश. गेममधलं स्टिअरिंग बंद करा, कॅमेरा हलणं शून्यावर आणा. चुकीच्या एफओव्हीने मोठ्या पडद्यावर मळमळतं, बरोबर एफओव्हीने रस्ता खऱ्याएवढाच रुंद दिसतो.

तिसरा_गिअर (पुणे)

केवढी मेहनत घेतलीत सगळ्यांनी, मनापासून आभार! टेप घेऊन बसलो: डोळा १०८, अंतर १५२. मी बहुतेक एकटाच लॅप काढतो, त्यामुळे प्रोजेक्टर नक्की.

आणखी विचारतो. ४के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल) लागेलच का? भिंतीवर नुसता पांढरा रंग चालेल का? दुपारी बाल्कनीतून बराच उजेड येतो. आणि आमच्याकडे लाइट जाते, त्याचं काय? एक अडचणही आहे: मागच्या भिंतीला पूर्ण रुंदीचं दोन फूट खोल कपाट आहे. सरकत्या दारांचं, सात फूट उंच.

ओळंबा (ठाणे)

४के बद्दल. फुल एचडी चित्र ७३ अंशांत पसरलं की एका अंशाला २६ पिक्सेल येतात. आत्ता तुमच्या मॉनिटरवर ३६ आहेत. म्हणजे मोठं दिसेल, पण बारीक दिसणार नाही. मोन्झाच्या सरळ रस्त्यावरून पहिल्या शिकेनकडे (लागोपाठच्या उलटसुलट वळणांकडे) येताना ब्रेकिंगच्या अंतराच्या पाट्या दुरून नुसत्या ठिपक्यांसारख्या दिसतात आणि जवळ आल्यावर एकदम आकडा उमटतो. ४के मध्ये अंशाला ५२ होतात, ही तक्रार राहत नाही. बेनक्यू एक्स३०००आय १.१५ ते १.५० रेशोचा आहे, लॅग ४के ला ६० हर्ट्झवर १६ मिलिसेकंद आणि फुल एचडीला २४० हर्ट्झवर ४. एलईडी असल्यामुळे दिवा बदलायची भानगड नाही. बजेटच्या वर जात असेल तर टीएच६८५ बघा: १.१३ ते १.४६, फुल एचडी, १२० हर्ट्झवर ८.३ मिलिसेकंद. तुमच्या ३०६० ला एसीसी ४के मध्ये जड जाणार आहे, त्यामुळे सध्या टीएच६८५ वर समाधान मानायला हरकत नाही. १२० हर्ट्झचा ओघवतेपणा गाडी चालवताना हातांना कळतो.

दोन्ही डीएलपी आहेत. काहींना पांढऱ्या कडांभोवती इंद्रधनुष्यासारखे रंग झळकताना दिसतात. दुकानात काळ्यावर पांढरी अक्षरं लावा, नजर भराभर डावीउजवीकडे फिरवा. दिसलं तर थ्रीएलसीडी (तिन्ही रंग एकाच वेळी टाकणारा) शोधा, त्यात हा प्रकार नसतो.

ऑनलाइन ‘९००० ल्युमेन, ४के सपोर्ट’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या पेट्यांपासून लांब राहा. एएनएसआय ल्युमेन (प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड) किती आणि मूळ रिझोल्युशन किती, एवढंच विचारा. त्यांपैकी बऱ्याच मुळात १२८० बाय ७२० च्याच असतात, आणि लॅगचा आकडा कुणी देत नाही.

भिंत: पुट्टी घासून सपाट करा आणि बिनचमकीचा पांढरा रंग मारा. पडदा नंतर घेता येईल. त्यापेक्षा चित्राच्या वरचं छत आणि बाजूच्या भिंतींचा पहिला मीटरभर भाग गडद करा. पडद्यावरचा उजेड पांढऱ्या छतावरून परत येतो आणि रात्रीच्या शर्यतीत काळोख राखाडी करून टाकतो. बाल्कनीला ब्लॅकआउट पडदे लागतीलच, ३००० ल्युमेनही पुण्याच्या दुपारपुढे टिकत नाहीत.

लाइट: प्रोजेक्टर छोट्या यूपीएसवर घ्या. दिव्याच्या मॉडेलमध्ये पंखा फिरत दिवा थंड व्हायला हवा, एकदम वीज तुटली की त्याचं आयुष्य कमी होतं. एचडीएमआय वायर १० मीटरची लागेल. ४के घेतलात तर ऑप्टिकल घ्या; तिला दिशा असते, भिंतीत गाडण्याआधी जोडून बघा. आणि पुढेमागे सीटखाली बास शेकर (सीटला कंप देणारं यंत्र) लावलात तर प्रोजेक्टरचा आणि रिगचा कुठेही संबंध येऊ देऊ नका.

आता कपाट. उलट बरंच झालं. मधल्या कप्प्यात १८५ सेंमीच्या आसपास एक खण उघडा ठेवा, त्याच्या वरच्या फळीला प्रोजेक्टर उलटा, लेन्स अगदी तोंडाशी. अंतर २७५ येईल, रेशो १.२४, दोन्ही मॉडेलांत बसतो. किरण डोक्याजवळ आणखी वरून जाईल. खणाची मागची फळी काढा आणि दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडा. गरम हवा कोंडली तर मे महिन्यात मशीन स्वतःहून बंद पडेल. त्या खणासमोरचं दार मात्र खेळताना बाजूला सरकलेलं हवं.

मधला कप्पा भिंतीच्या बरोबर मध्यावर आहे का?

तिसरा_गिअर (पुणे)

मोजलं. चित्राकडे तोंड केलं तर १४ सेंमी उजवीकडे आहे.

ओळंबा (ठाणे)

मग कप्पा मध्यावर आणायच्या भानगडीत पडू नका. चित्र १४ सेंमी उजवीकडे घ्या आणि रिगही तेवढीच सरकवा. २२१ चं चित्र ३०५ च्या भिंतीवर आहे, उजवीकडे तरी २८ सेंमी उरतात. जमिनीवर खडूने मधली रेघ मारा: लेन्स, स्टिअरिंगचा मध्य आणि चित्राचा मध्य तिन्ही तिच्यावर आले की रंगाऱ्याला बोलवा.