चौथी-पाचवीच्या मुलांना ‘खूप वर्षांपूर्वी’ म्हणजे किती, हे कसं समजावता? (अनुभव धागा)

चौथीला शिवाजी महाराज, पाचवीला आदिमानव. गोष्ट रंगली की वर्ग कान टवकारून ऐकतो. पण मध्येच कुणीतरी विचारतं, “बाई, तेव्हा तुमची आजी होती का?” नऊ वर्षांच्या मुलाला साडेतीनशे वर्षं काय नि साडेतीन हजार काय, दोन्ही सारखीच. प्राथमिकच्या इतिहासात मला सगळ्यात कठीण वाटतं ते हेच.

मी दोरी घेते. एका वर्षाला एक सेंटिमीटर. मूल आपले नऊ सेंटिमीटर चिमटीत धरतं, मग आजीचे पासष्ट मोजतं. १६७४ चा राज्याभिषेक साडेतीन मीटरवर, म्हणजे वर्गातच. पुणे जिल्ह्यात उत्खननात सापडलेली इनामगावची पहिली वस्ती छत्तीस मीटरवर, त्यासाठी मैदानात जावं लागतं. लाख वर्षांपूर्वीचा दगडी हत्यारं घडवणारा माणूस एक किलोमीटरवर! “म्हणजे फाट्यापाशी,” हे मुलंच सांगतात.

तुम्ही काय करता? शिक्षक, पालक, आजी-आजोबा, सगळ्यांनी लिहा.

शिक्षिका, शिरूर तालुका
इनामगाव आमच्याच तालुक्यात, घोड नदीकाठी. डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. हे लोक जव पिकवायचे, त्यांनी पाण्यासाठी पाट काढला होता, हे सांगितलं की शेतकऱ्यांची पोरं लगेच सरसावून बसतात. पाट किती रुंद, पाणी कुणाला आधी मिळायचं, बांधावरून भांडणं व्हायची का?

दफनाचा भाग मी टाळत नाही. लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. वर्ग एकदम शांत होतो. मग एखादी मुलगी म्हणते, “आईला जवळ हवं असेल.” मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्यापाशी तोडायचे, ते का, यावर तर वाद रंगतो. मी उत्तर देत नाही. पुराव्यावरून एवढंच कळतं, पुढचा आपला अंदाज, हे सांगते. पुरावा आणि अंदाज यांतला फरक पाचवीच्या मुलांना नीट कळतो, फक्त त्यांना तेवढा वेळ द्या.

निवृत्त गुरुजी, बीड जिल्हा
दोरी चांगली आहे, पण मी माणसांपासून सुरू करायचो. घरी जाऊन विचारा, ७२ च्या दुष्काळात काय खाल्लं? दुसऱ्या दिवशी वह्या भरून यायच्या: सुकडी, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी), खडी फोडायचं काम. ज्या पाझर तलावात ही मुलं पोहतात तो आपल्याच आजीने डोक्यावर माती वाहून बांधलेला, हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असायचे. तिथून एक पिढी मागे गेलं की १७ सप्टेंबर १९४८, मराठवाडा मुक्त झाला तो दिवस. निजामाचं राज्य पाहिलेली माणसं तेव्हा गावात होती. आता फार थोडी उरलीत. त्यांच्याशी मुलांची गाठ घालून द्यायची असेल तर याच वर्षी घाला.

सनावळ्या मात्र चौथीत पाठ करून घेऊ नयेत, या मताचा मी आहे.

पालक, पुणे
गुरुजी, थोडी असहमती. दोन-चार सनांच्या खुंट्या हव्यातच, नाहीतर गोष्टी टांगायच्या कशाला? आमच्याकडे तीनच आहेत: १६३०, १६७४, १९४७.

बाकी आमचा इतिहास दिवाळीच्या किल्ल्यात. रायगडावर गंगासागर तलाव पाहिल्यावर मुलाने विचारलं, “एवढी माणसं वर राहायची, तर पाणी पुरायचं?” किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातच आहे, ते त्याला सांगितलं. त्या दिवाळीला अंगणात सगळ्यात आधी टाकं खणलं, बुरूज नंतर!

मराठी शाळेतली स्वयंसेवक, कॅलिफोर्निया
इथेही चौथीलाच आपल्या राज्याचा इतिहास असतो. स्पॅनिश लोकांनी उभारलेली २१ मिशनं (ख्रिस्ती धर्मप्रसाराची ठाणी) शिकवतात, त्यातलं पहिलं सॅन डिएगोचं, १७६९ चं. रविवारी मी त्याच सनाला पुण्यात काय चाललं होतं ते सांगते: माधवराव पेशव्यांची कारकीर्द. एका भिंतीवर दोन पट्ट्या लावल्यात, एक इथली, एक तिथली. मिशनं बांधताना राबलेल्या मूलनिवासी लोकांबद्दल मुलं शाळेत ऐकून येतात आणि मला विचारतात, “मग रायगड कुणी बांधला? गवंडी, पाथरवट कोण होते?” हिरोजी इंदुलकरांचं नाव सांगितलं, रायगडावरच्या जगदीश्वर मंदिराच्या पायरीवरचा त्यांचा लेख दाखवला. पण मुलांना दगड फोडणाऱ्यांबद्दल ऐकायचं आहे. त्यांच्यासाठी सोप्या मराठीत काही लिहिलेलं तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर इथेच द्या, पुढच्या रविवारी वाचून दाखवेन.