एचएमटीच्या वाटचालीवरून: मराठवाड्यात मशिन टूलची कंपनी उभी राहील का?

मशिनवाला (वाळूज): छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुट्या भागांचे अनेक उद्योग वाढले, मात्र ते भाग कापणारी यंत्रे, म्हणजे मशिन टूल, आपण आजही बेंगळुरू, राजकोट किंवा परदेशातून आणतो. म्हणून एचएमटीकडे, म्हणजे हिंदुस्थान मशिन टूल्स या सरकारी कंपनीकडे, पाहावेसे वाटते. १९५३ मध्ये सरकारने स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूत तिची स्थापना केली. लेथपासून (धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रापासून) सुरुवात करून पिंजोर, कळमशेरी, हैदराबाद असा विस्तार झाला. १९६१ मध्ये सिटिझनच्या साहाय्याने घड्याळे आणि १९७१ मध्ये ट्रॅक्टर आले. माझ्या मते या पसाऱ्यातच मूळ धंद्यावरचे लक्ष उडाले आणि कंपनी मागे पडली. इथे कोणी कंपनी काढलीच, तर तिने एकाच प्रकारचे यंत्र धरून बसावे.

जुना टर्नर: हे निदान मला पटत नाही. हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर १९४१ पासून लेथ बनवत होती, ती खासगी होती, घड्याळांच्या वाटेला गेली नव्हती; तिचाही धंदा शेवटी बसलाच. खरा घाव सीएनसीने, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांनी, घातला. यंत्राचे मोल बिडाच्या बेडवरून (ओतीव पायावरून) कंट्रोलर (यंत्र चालवणारा संगणक), बॉलस्क्रू (भाग अचूक सरकवणारा स्क्रू) आणि स्पिंडलकडे (फिरणाऱ्या मुख्य दांड्याकडे) सरकले, १९९१ नंतर आयात सोपी झाली आणि बदलायला उशीर करणारे मागे पडले. सरकारी कंपनीत निर्णय किती टेबलांवरून फिरतो, हे वेगळे सांगायला नको. १९७९ मध्ये बेंगळुरूतच सुरू झालेली एस डिझायनर्स मात्र सीएनसी लेथवर वाढली.

मशिनवाला (वाळूज): म्हणजे एकाच यंत्रावर वाढली, हे तुम्हीच सांगितलेत!

चिकलठाणेकर: दोघेही एक गोष्ट विसरता आहात. बेंगळुरूत १९६२ पासून केंद्रीय मशिन टूल संस्था आहे आणि कामगारांच्या पिढ्या तिथे तयार झाल्या. लेथच्या कॅरेजची (हत्यार धरून सरकणाऱ्या भागाची) बैठक जमवताना सपाट पट्टीला निळा रंग लावून ती पृष्ठभागावर फिरवतात. जिथे निळे ठिपके उठतात तेवढेच उंचवटे स्क्रेपरने खरवडायचे, पुन्हा पट्टी फिरवायची, आणि ठिपके सर्वत्र सारखे पसरेपर्यंत हे चालू ठेवायचे. असा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने बसतो. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूम या प्रशिक्षण संस्थेतून चांगली मुले बाहेर पडतात, परंतु ती साचे आणि उत्पादनाकडे वळतात.

जुना टर्नर: खरवडकाम आता पूर्वीइतके उरलेले नाही, लिनिअर गाइडवे (भाग सरकवण्याचे तयार रूळ) विकत मिळतात. राजकोटला तरी कुठे बेंगळुरूसारखी संस्था होती? तरी तिथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या ज्योती सीएनसीने २००७ मध्ये फ्रान्सची ह्युरॉन ही यंत्रे बनवणारी कंपनी विकत घेतली.

चिकलठाणेकर: राजकोटला डिझेल इंजिनांचा आणि ओतकामाचा जुना धंदा होता, तो पाया आपल्याकडे नाही. शिवाय पहिले यंत्र घेणार कोण? इथला जॉबवर्कवाला (दुसऱ्यांचे भाग कापून देणारा) बँकेच्या कर्जावर व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे सीएनसी यंत्र) घेतो. नव्या, अपरिचित कंपनीचा स्पिंडल बिघडला, तर त्याचे हप्ते थांबत नाहीत.

मशिनवाला (वाळूज): बरोबर, आणि माझा मुद्दा नेमका तिथूनच सुरू होतो. आज स्पिंडल बिघडला की बाहेरगावच्या माणसाची वाट पाहत शिफ्ट रिकामी जाते. दुरुस्ती करणारा शहराच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीतून तासाभरात येणार असेल, तर वाळूजचा कारखानदार किंमत थोडी जास्त असली तरी इथलेच यंत्र घेईल.

जुना टर्नर: किंमत जास्त असेल तर घेणार नाही. या वसाहतीत दर ठरतो तो नगावर, आणि पैशापैशाने.